लपवण्यासारखं असतं हो
वर एका सदस्यांनी विचारलंय की आपले रिपोर्ट सरकारकडे गेले तर बिघडलं काय, लपवण्यासारखं असतंच काय. असतं. मागच्या उन्हाळ्यात काकूंना घेऊन इथल्या, नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात गेले होते. खिडकीवर वही उघडीच पडलेली. नाव, मोबाईल नंबर, पत्ता आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं ‘टीबी’. मागे रांगेत आमच्याच वस्तीतली बाई. काकूंनी पदर तोंडावर ओढला, तो घरी येईपर्यंत काढला नाही. पुढच्या महिन्याची औषधं आणायला जायला तयारच होईनात. टीबीत औषध मध्येच सुटणं किती वाईट, हे सांगायला नकोच.

आता तेच सगळं कॉम्प्युटरवर जातंय. आभा क्रमांक, म्हणजे आपल्या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, १४ अंकी असतो आणि तो काढणं ऐच्छिक आहे, हे खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दाखवायलाही तुमची संमती लागते. तेव्हा ओटीपी देण्याआधी तो कशासाठी हवाय ते विचाराच.

एचआयव्हीची माहिती सांभाळण्याचं बंधन २०१७ च्या कायद्यानं संस्थांवर घातलंय. टीबीच्या पेशंटलाही तेवढंच जपलं पाहिजे. निदान ती वही तरी मिटून ठेवा.