मदत हवी आहे: विमान उतरवताना आडव्या वाऱ्यात क्रॅब (नाक वाऱ्याकडे तिरके ठेवून सरळ येणे) नेमका केव्हा सोडावा?

प्रशिक्षकांसह सेसना १७२ उतरवताना वारा धावपट्टीला डावीकडून ३० अंशांत होता, म्हणजे २० नॉटच्या झोतातही आडवा घटक सुमारे १० नॉट. या विमानासाठी प्रात्यक्षिकात सिद्ध झालेल्या १५ नॉटपेक्षा तो कमीच. तरी चाके टेकताच नाक वाऱ्याकडे वळले आणि प्रशिक्षकांनी नियंत्रण घेईपर्यंत विमान कडेच्या गवतात गेले. इजा कोणालाही नाही, पुढच्या चाकाचा दांडा वाकला, घटना रीतसर कळवली आहे.

त्यानंतर डावा पंख खाली व उजवा रडर (शेपटीवरचे सुकाणू) ही स्थिती उंचीवर, सरळ रस्त्याच्या रेषेत, पुरेशी घोटवून घेतली. तिथे ती जमते. पर्यायी धावपट्टी नाही आणि सराव दुपारच्या झोतांतच मिळतो. (‘प्रशिक्षकांना विचारा’ हे उत्तर अर्थातच झालेले आहे, दोघांची मते दोन.)

क्रॅब धावपट्टीकडे येतानाच्या शेवटच्या टप्प्यातच सोडावा की फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना), आणि टेकल्यावर वेग ओसरत असताना डावीकडचे एलरॉन (विमान कलवणारी पंखावरची हलती फळी) कितपत वाढवत न्यावे?