"आमच्यात असं चालत नाही" याला उत्तर काय?

डिचोलीकर: काजू कारखान्यात पॅकिंग बघतो. म्हटलं, किलोऐवजी शंभर ग्रॅमची पाकिटं करूया. मुकादम म्हणाले, "२००९ साली केलेली, पडली." झालं! बाकी अकराजण माना डोलावून चहाला. का पडली, कुणालाच ठाऊक नाही.

घाटपायथा: मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचा १९५१चा रेषांचा प्रयोग वाच. कोणती रेघ नमुन्याएवढी लांब, एवढंच सांगायचं; बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. चूक उघड दिसूनही बरेचजण घोळक्यामागे गेले. पण एकजण जरी खरं बोलला तरी दबाव पुष्कळ उतरायचा. आधी एक साथीदार गाठ.

मांडवीकाठ: मुकादमांनाच विचार ना रे. परत आलेला माल त्यांनीच मोजला असेल.

डिचोलीकर: विचारलं. तेव्हा पिशव्या पातळ, पावसात गर सादळले. एवढंच! आता व्हॅक्यूम मशीन आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पन्नास पाकिटं नेतोय, मुकादमही येतायत.