सासऱ्यांचा न हटणारा खोकला आणि सिंगापूरहून आलेलं चिनी औषध

महालची_मेघा
नमस्कार मंडळी. माझे सासरे ६८ वर्षांचे, नागपूरला कळमन्याच्या बाजारात मिरचीची अडत आहे. दिवाळीपासून खोकलून राहिले. दिवसा जरा कमी, पण रात्री पाठ टेकली की सुरू. कोरडाच आहे. अडुळशाचं सिरप, मधातून सितोपलादि, हळद-दूध, सगळं झालं. आता दीर सिंगापूरहून आले, त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक पेई पा कोआची बाटली, काकवीसारखा काळा घट्ट पाक. दुसरं म्हणजे तिथल्या चिनी वैद्याकडून बांधून आणलेल्या पुड्या, उकळून काढा घ्यायचा. बाबांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. देऊ का?

सदरकर
पेई पा कोआ मी घेतलंय. गरम पाण्यात चमचाभर टाकायचं, घशाला पुदिन्यासारखं थंड वाटतं. मला बरं वाटलं, पण माझा खोकला सर्दीनंतरचा होता आणि तसाही उतरणीला लागला होता.

औषधवाले_काका
मेघाताई, इतवारीत माझं औषधाचं दुकान होतं, आयुष्य त्यातच गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाटली आणि पुड्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाटलीत लोकाटची पानं, ज्येष्ठमध, आलं, मेंथॉल असं असतं, आणि पाक मध-साखरेचा. म्हणजे शुगरवाल्याने रोज चमचे भरून घ्यायची वस्तू नाही. ज्येष्ठमधही रोज जास्त पोटात गेलं तर बीपी चढवतं, पोटॅशियम उतरवतं. आपल्याकडचं घ्या की चीनमधलं, गुण तोच.

चिनी वैद्यकाला मी नावं ठेवत नाही. चांगला वैद्य नाडी धरतो, जीभ बघतो, कफ पांढरा की पिवळा ते विचारतो, मग औषध बांधतो. पातळ पांढरा कफ खूप पडत असेल तर ते संत्र्याच्या जातीच्या फळाची जुनी वाळवलेली साल काढ्यात घालतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने आपलं नागपुरी संत्रंही त्याच जातीचं. पण तुमच्या बाबांना त्या वैद्याने पाहिलेलंच नाही! दिराच्या सांगण्यावरून पुड्या बांधल्या. हे मला अजिबात पटत नाही.

पुड्यांची भीती दोन कारणांनी. मा हुआंग, म्हणजे एफेड्रा, खोकल्या-दम्याच्या चिनी काढ्यात नेहमीचं. त्यातलं एफेड्रिन श्वासनळी मोकळी करतं हे खरं, पण बीपी आणि ठोके वाढवतं. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्राच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली ती उगाच नाही. दुसरं, आपल्या ईश्वरी वेलीच्या कुळातलं एक फळ तिकडे खोकल्यावर देत. त्या कुळातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड कायमचं निकामी करू शकतं, कॅन्सरही होतो. उकळलेला काढा पाहून आत काय आहे ते कोणालाच सांगता येणार नाही. पुडीवरचा कागद कोणाकडून तरी वाचून घ्या.

आणि मुख्य म्हणजे बीपीची गोळी कोणती?

महालची_मेघा
काका, दिरांनी त्यांच्या चिनी मित्राला कागदाचा फोटो पाठवला. पहिलंच नाव मा हुआंग. गोळी रॅमिप्रिल आहे, गणपतीच्या आसपास सुरू झाली.

औषधवाले_काका
मग पुड्या बंद. चूल पेटवूच नका.

रॅमिप्रिलच्या घराण्यातल्या गोळ्यांनी पुष्कळांना असाच कोरडा खोकला लागतो, कधी सुरू केल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. कितीही काढे पाजा, गोळी चालू असेपर्यंत तो हटत नाही. पण गोळी स्वतःहून सोडायची नाही, बीपी उसळेल. डॉक्टरांना सांगा, ते टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी दुसरी देतील. बदलल्यावरही खोकला जायला काही आठवडे लागतात, तेव्हा घाबरू नका.

तरी गोळीवर सगळं ढकलून बसू नका. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला म्हटला की टीबीची तपासणी करायचीच, त्यात शुगरवाल्याला धोका जास्त. मेयोत किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यांत, थुंकीची तपासणी फुकट होते. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढायचं. नुसती लाळ चालत नाही. कफ पडतच नसेल तर तिथेच सांगा, छातीचा एक्स-रे काढतील. आडवं झाल्यावर वाढतो म्हणालात, तेव्हा आम्लपित्त आणि हृदय याबद्दलही विचारा.

मिरची ओतताना नाकाला मास्क हवाच. अडतीतली माणसं ऐकत नाहीत, तुम्ही सूनबाई म्हणून हट्ट धरा. रक्त पडलं, धाप लागली, वजन उतरलं तर वाट न पाहता त्याच दिवशी घेऊन जा.

महालची_मेघा
पुड्या उचलून ठेवल्या. उद्या बाबांना घेऊन मेयोत जाते, गोळीचं पाकीट आणि तो कागद दोन्ही सोबत नेते.