मोठं होण्याच्या आत्मकथनावर मुलांना लिहायला कसं शिकवायचं?

शाईची दौत:

नमस्कार मंडळी. मी वरच्या वर्गांना मराठी शिकवते. यंदा मुलांना एका लेखकाचं लहानपणापासून कॉलेजात जाईपर्यंतचं आत्मकथन वाचायला दिलं आहे. वाचताना वर्ग अगदी रंगतो. कुणी बापाची बाजू घेतं, कुणी आईची. तास संपल्याची घंटा झाली तरी भांडण चालूच असतं.

लिहायला सांगितलं की मात्र सगळं विझतं. जी वही उघडावी तिच्यात तेच. आधी पानभर सारांश, मग ‘लेखकाने प्रतिकूल परिस्थितीवर मात केली’ आणि शेवटी ‘यातून आपल्याला प्रेरणा मिळते’. परवा एका मुलीने वर्गात विचारलं, “मॅडम, याचा बापावर एवढा राग आहे, तर मग तो त्याच्या हातांबद्दल इतकं मन लावून का लिहितो?” मी थक्क झाले. पण तिच्या निबंधात हा प्रश्न कुठेच नव्हता. तिथे बाप फक्त ‘कठोर’ होता.

हा प्रश्न वहीपर्यंत कसा पोहोचवायचा? दुसरं असं की, पुस्तकावर लिहिण्याआधी मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या आठवणी लिहून घ्याव्यात का? सहकाऱ्यांत दोन मतं आहेत.

समासातली टीप:

दौतताई, त्या मुलीने निबंधाचं बीज तुमच्या हातात ठेवलं आहे. तिला एवढंच सांगा, ‘हा प्रश्न पहिल्या ओळीत लिही आणि उत्तर शोधत पुढे जा.’ मुलांना वाटतं, निबंध म्हणजे निकाल द्यायचा. म्हणून ती पडलेला प्रश्न लपवतात आणि कुणीही वाद घालणार नाही असं वाक्य लिहितात. लेखकाने मात केली, यावर वाद कोण घालणार?

मी वर्षानुवर्षं शिकवताना एका गोष्टीवर सगळा भर देते. आत्मकथनात ‘मी’ दोन असतात. एक, ज्याच्यावर ते सगळं गुजरलं तो पोरगा, आणि दुसरा, पुष्कळ वर्षांनी टेबलाशी बसून ते लिहिणारा प्रौढ माणूस. फ्रेंच अभ्यासक फिलिप लेजून यांनी १९७५ साली आत्मचरित्राला लेखक आणि वाचक यांच्यातला करार म्हटलं. लेखक, निवेदक आणि मुख्य व्यक्ती एकच आहेत, असा तो करार. तो खराच आहे, पण एकाच नावाखाली दोन वयं बोलत असतात आणि त्यांचं नेहमी पटतंच असं नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) तर ही फाळणी उघडच मांडलेली आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच, पण सांगणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. मुलांना हे एवढं सांगितलं की बाकीची पुस्तकंही ती त्याच नजरेने वाचायला लागतात.

वर्गात काय करायचं ते सांगते. एक पान निवडा, पूर्ण प्रकरण नको. पोराला त्या क्षणी जे कळत होतं त्याखाली एका रंगाची रेघ आणि जे फक्त मोठ्या माणसालाच कळू शकतं त्याखाली दुसऱ्या रंगाची. सरावासाठी मी स्वतः रचलेली दोन वाक्यं फळ्यावर लिहिते: ‘त्या रात्री आई जेवली नाही. तिला भूक नसेल, असं मला वाटलं.’ पहिलं वाक्य पोराचं, हे सगळे सांगतात. दुसऱ्यावर वर्ग अडतो, आणि अडायलाच हवा. समजूत पोराची आहे, पण ‘असं मला वाटलं’ हे शब्द मोठ्याचे आहेत. आई का जेवली नाही हे त्याला आता ठाऊक आहे, तरी तो सांगत नाही. का सांगत नाही? माझ्या अनुभवात मुलांचा पहिला खरा परिच्छेद या ‘का’वर लिहिला जातो.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही मला इथेच दिसतं. राग पोराचा असेल आणि हात न्याहाळणारी नजर मोठ्या माणसाची असेल. कदाचित उलटही असेल. पुस्तकातल्या ओळी पाहून तिनेच ठरवावं. तिचं मत काहीही झालं तरी मला चालेल, फक्त ‘कुठल्या ओळीवरून?’ याचं उत्तर तिच्याकडे हवं.

‘मात केली’ हे वाक्य मी खोडत नाही. त्यापुढे प्रश्न लिहिते: कशावर, आणि काय गमावून? मोठं होण्याच्या कहाणीत काहीतरी मागे सुटतंच. आपल्या पुष्कळ ग्रामीण आणि दलित आत्मकथनांत निवेदन प्रमाण भाषेकडे झुकतं आणि संवाद घरच्या बोलीत राहतात. शिकलेला मुलगा एका भाषेत, आई दुसऱ्या भाषेत, आणि दोघं एकाच पानावर! निवेदनात मध्येच बोलीतला शब्द कुठे घुसतो ते शोधायला सांगा. तो बहुधा अशा जागी असतो जिथे लेखक स्वतःला आवरू शकलेला नाही. जो विद्यार्थी अशी एक जागा शोधून तिच्यावर पानभर लिहितो, त्याला सारांशाची गरजच उरत नाही.

कोरा कागद:

वरच्या प्रतिसादाला जोडून एक. ‘हे लेखकाला कसं माहीत?’ हा प्रश्नही विचारायला शिकवा. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला बहुधा काही आठवत नाही. मग लेखक स्वतःच्या जन्माचा प्रसंग संवादांसकट लिहितो, तो आला कुठून? आईने सांगितला, आजीने दहादा सांगितला, उरलेला त्याने कल्पनेने भरला. माझी मुलं यावर लगेच ‘म्हणजे खोटं लिहिलं?’ असं विचारतात. तिथे घाईने उत्तर देऊ नका. घरात तो प्रसंग कोण सांगायचं, कुणाला मोठेपणा देऊन सांगायचं, हे पुस्तकात शोधायला लावा. मुलं सांगणाऱ्याच्या बाजूबद्दल विचार करू लागतात, आणि ‘खरं की खोटं’ यापेक्षा तो विचार मला मोलाचा वाटतो.

उंबरठा:

स्वतःच्या आठवणींबद्दल मी ठामपणे सांगतो: सक्ती नको. पुस्तकातलं घर वर्गातल्या कुणाच्या तरी घरासारखं असतंच. दारू पिणारा बाप, निघून गेलेली आई, जातीवरून झालेला अपमान. त्या मुलाला आपण ‘तुझी आठवण लिही’ म्हणतो आणि वर गुण देतो. दहापैकी सहा कशाचे, त्याच्या दुःखाचे? पुस्तकावरच्या निबंधात मुलाला पुस्तकाचा आडोसा मिळतो. लेखकाच्या बापाबद्दल लिहिता लिहिता तो स्वतःच्या बापाबद्दल विचार करू शकतो आणि ते कुणालाही सांगावं लागत नाही. तो आडोसा काढून घेऊ नका.

समासातली टीप:

उंबरठा, सक्ती नको हे शंभर टक्के मान्य. पण आठवण लिहिणं पूर्णपणे टाळू नये असं मला वाटतं. एखादा साधा प्रसंग, पहिल्यांदा एकट्याने केलेला प्रवास वगैरे, आधी त्या वयाच्या नजरेने आणि मग आजच्या नजरेने लिहून बघितला की दोन ‘मी’ म्हणजे काय हे हाताला कळतं. विषय मुलांनी निवडायचा. वही मी तपासत नाही, मागतही नाही. आडोसा शाबूत राहतो.

उंबरठा:

न मागितलेली वही असेल तर माझी हरकत मागे.

शाईची दौत:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि हातांच्या वर्णनाचं पान दोन रंगांनी वाचायला दिलं. तिने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, “वर्णन आहे तिथे बाप मारत नाहीये, मॅडम. तो झोपलाय. जागेपणी याला त्याचे हात नीट बघताच आले नसतील.” मी तिला तेच वाक्य वहीत उतरवायला सांगितलं.

आता एक व्यवहाराची अडचण. वर्गातली बाकीची मुलं विचारतात, परीक्षेत सारांश नसेल तर गुण जातील का? त्यांची भीती मला खोटी म्हणता येत नाही.

कोरा कागद:

सारांश काढून टाकू नका, त्याची जागा बदला. ज्या ओळीवर मूल बोलणार आहे, ती कळायला जेवढी गोष्ट लागते तेवढीच सांगायची, आणि त्या ओळीच्या लगेच आधी. ‘बाप झोपलेला असताना’ हे चार-पाच ओळींत येतं. तपासणाऱ्याला पुस्तक वाचल्याचं कळतं आणि उरलेलं पान मुलाला मिळतं. वेळ लावून सराव घ्या, कारण सुरुवातीला गोष्ट सांगण्याचा हात आवरत नाही.