मशेरीचा खकाणा आणि आपली घरं: तुमचे अनुभव लिहा

पडवी_चिपळूण
दुपारी खालच्या मजल्यावर कुणीतरी मशेरी भाजली. खिडक्या लावेपर्यंत खकाणा घरभर झाला. लेक खोकत विचारतोय, "आई, काय जळतंय?" आणि मी एकदम आजीच्या पडवीत.

तवा चुलीवर चढला की आजी आम्हा पोरांना अंगणात हाकलायची. तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, हातानेच चुरायची आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायची. तिच्या तर्जनीचं टोक कायम काळं. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, भांडी झाल्यावर, आणि रात्री डोळा लागत नाही म्हणून पुन्हा एकदा. आजोबांच्या विडीला घरात व्यसन म्हणायचे. आजीचं मात्र 'दात घासणं'.

तेच आईकडे आलं. २०१७ साली आईच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा उठला. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?" आई म्हणाली, "छे हो, कधीच नाही." ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. मी मागून म्हटलं, "मशेरी लावते, दिवसातनं चार-पाच वेळा." तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, ते कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवरचं होतं. त्या दिवशी डबा बंद झाला.

तुमच्या घरात काय होतं? मशेरी, मावा, पुडी, काहीही. कुणाचं सुटलं असेल तर तेही लिहा.

कऱ्हाडची_लेक
आमच्याकडे मिसरी म्हणतात. आईनं दोनदा सोडली, दोन्ही वेळा पोट साफ होईना म्हणून परत सुरू. हे कारण किती बायकांकडून ऐकलंय!

पडवी_चिपळूण
@कऱ्हाडची_लेक अगदी अगदी. आईचंही पहिले पंधरा दिवस तेच. डॉक्टर म्हणाले, निकोटिनची आतड्यांना सवय लागलेली असते, हळूहळू बसतं. रात्री इसबगोल आणि सकाळी कोमट पाणी यावर दिवस काढले.

नगरी_सून
नवऱ्याचा मावा. दिवसाला सहा-सात. मी भांडून थकले होते. एकदा मुलीसोबत पाणीपुरी खायला गेलो, तर पुरी तोंडात जाईना त्याच्या. हसत हसत फोडून खाल्ली. मुलगी पण हसली. मी नाही हसले. घरी येऊन आरशासमोर उभं केलं, म्हटलं तीन बोटं उभी घालून दाखव. दीडच गेली.

माव्यातल्या सुपारीनं होतं हे. गालाच्या आतली कातडी आखडून दोरीसारखी ताठ होते. झालेलं पूर्ण जात नाही म्हणाले, पुढे वाढू नये एवढंच हातात. आता आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून व्यायाम करतो, आठवड्याला एखादी काडी वाढवतो. तिखट अजून लागतं तोंडाला, भाजी दोन प्रकारची करते.

सांजवात
@नगरी_सून डोळ्यात पाणी आलं गं. मावा सुटला का त्याचा?

नगरी_सून
@सांजवात हो, चौदा महिने झाले. पाणीपुरी घरीच करते, पुऱ्या मुद्दाम लहान लाटते.

वैनगंगाकाठ
तुमच्याकडे मावा, आमच्याकडे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटघोट घोटतात. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून, पण खर्रा म्हणजे पाहुणचार. घरी कोणी आला का पाण्याच्या आधी खर्रा. नाही म्हटलं तर राग येते लोकाईले. माझी आजी पोराच्या तोंडात बारीक तुकडा द्यायची, दात येताना किरकिर करते म्हणून. आता गावात मुक्तिपथवाले (दारू-तंबाखू सोडवायचं काम करणारे) येतात, बायकांची संघटना झाली, दोन ठेलेवाल्यांनी विकणं बंद केलं. बाकीचे शेजारच्या गावातून आणतात. तरी दोन बंद झाले, हे मोठंच समजतो मी.

तिसऱ्या_पाळीतली
प्रसूती विभागात अठरा वर्षं नर्स आहे. ड्यूटीवर निघतेय, घाईत लिहिते. मशेरीला 'तंबाखू नाही' म्हणणाऱ्या बाया मी रोज बघते. आम्ही आता विचारतानाच "दात कशानं घासता?" असं विचारतो, तेव्हा खरं कळतं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली होती, २००४ मध्ये छापून आली. तंबाखू-मशेरी घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त. १०५ ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं. दीड किलोचं बाळ हातात घेतलेल्याला विचारा.

आणि चुना का लावतात माहीत आहे ना? चुन्यानं तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालातून चटकन रक्तात जातं. म्हणून 'किक' बसते. वर चुन्यानं कातडी भाजते ती वेगळी.

कुकर_शिट्टी
मला पाचव्या महिन्यात उलट्या थांबेनात म्हणून चुलत सासूबाईंनी मशेरी लावायला सांगितली होती. लावली मी आठ दिवस, चक्कर यायची. कोण सांगणार तेव्हा? मुलगी सव्वादोन किलोची झाली. मी आजवर जोडलंच नव्हतं हे. कुकर उतरवते, नंतर येते.

तिसऱ्या_पाळीतली
@कुकर_शिट्टी बाई, आठ दिवसांचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. वजन कमी भरायची कारणं खूप असतात.

जुना_ड्रायव्हर
बावीस वर्षं तंबाखूचा बार मळला. ट्रकवर झोप येऊ नये म्हणून सुरू केला. नंतर झोपायलाही लागायचा. सोडायचं ठरवलं तेव्हा १८००-११-२३५६ या नंबरावर फोन लावला, सरकारी आहे, फुकट आहे. पलीकडून बाईंनी विचारलं, "दिवसातला पहिला बार कधी?" म्हटलं, डोळे उघडायच्या आधी. त्या म्हणाल्या, पहिले तीन दिवस सर्वांत कठीण, त्यानंतर दोन-चार आठवड्यांत तलफ ओसरते. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी बायकोवर ताट भिरकावलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. तिनं ताट उचललं आणि शेंगदाण्यांची वाटी पुढे ठेवली.

निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या. नुसतं चघळत राहायचं नसतं, झणझण लागली की गालात ठेवून द्यायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी उचक्या लागून जीव गेला.

सांजवात
@जुना_ड्रायव्हर वहिनींना नमस्कार सांगा दादा.

बंद_खोली
थोडं विषयाबाहेर जातंय. धाकटा भाऊ एमडीत, म्हणजे मेफेड्रोनच्या नशेत अडकला होता. तीन-तीन रात्री झोप नाही, जबडा करकरायचा, दाराबाहेर कोणीतरी उभं आहे म्हणून कडी तपासत बसायचा. पाच महिन्यांत सोळा किलो उतरला. शेवटी पुण्यात मुक्तांगणला नेलं. हे केंद्र डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलं, त्या काळी ब्राउन शुगरची पोरं यायची. समुपदेशकांनी त्याला विचारलं, सर्वांत आधी काय घेतलंस? मला वाटलं दारू म्हणेल. म्हणाला, सातवीत गुटखा. राज्यात २०१२ पासून बंदी आहे. दुकानदार पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा दोन हातात ठेवायचा, आणि हा मिसळून खायचा. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याचे दात लाल झालेले दिसायचे मला. मी म्हटलं होतं, घास जरा नीट.

कऱ्हाडची_लेक
@बंद_खोली आता कसा आहे?

बंद_खोली
बरा आहे. दोन वर्षं झाली. झोपतो. रात्री त्याच्या घोरण्याचा आवाज आला की आई मला उठवून सांगते, ऐक.

कुकर_शिट्टी
आले परत. कोणी तपकिरीबद्दल लिहिलंच नाही! आमच्या आजोबांचे रुमाल धुवायचं काम माझ्याकडे होतं, पाणी तीनदा बदलावं लागायचं.

कऱ्हाडची_लेक
@कुकर_शिट्टी तो वास!! आमच्या मास्तरांच्या उपरण्याला यायचा.

पडवी_चिपळूण
सगळ्यांचं वाचतेय. संध्याकाळी खाली जाऊन आले. साठीच्या एक काकू आहेत, गावाहून मुलाकडे आल्यात. भांडायला आले असं वाटून आधी घाबरल्या. मी आईचं सांगितलं. मग खाली बघत म्हणाल्या, "दाढेमागं खडबडीत लागतंय दोन महिने, सूनबाईंना नाही सांगितलं." त्यांचं बोट अगदी आजीच्या बोटासारखं. सोमवारी अकराला मी त्यांना घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जातेय.

तिसऱ्या_पाळीतली
@पडवी_चिपळूण नुसतं "दात दुखतो" म्हणू देऊ नका. मशेरी लावतात हे तुम्ही आधी सांगा. आणि सोमवारी इथे कळवा.