‘स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन’ : अर्थ काय आणि मराठीत लिहावे कसे?

पेठेतला मुद्रितशोधक : पुण्यातील एका हौशी नाट्यसंस्थेच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासताना शेक्सपिअरचे जन्मगाव एका लेखात नुसते ‘स्ट्रॅटफोर्ड’, दुसऱ्यात ‘एव्हनकाठचे स्ट्रॅटफर्ड’, तर तिसऱ्यात ‘स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन’ असे आढळले. या नावाचा मूळ अर्थ काय, आणि पुढचे शेपूट गाळल्यास काही बिघडते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कोथरूडकर : ‘स्ट्रॅट’ हे जुन्या इंग्रजीत लॅटिनमधून आलेल्या, बांधीव रस्ता या अर्थाच्या शब्दाचे रूप असून गावांच्या नावांत ते बहुधा रोमन काळातील रस्त्याकडे बोट दाखवते. ‘फर्ड’ म्हणजे नदीचा उतार, जिथून माणसे आणि गाड्या पाण्यातून पलीकडे जात. ‘एव्हन’ मात्र त्याहून जुन्या केल्टिक भाषेतले आहे आणि त्याचा अर्थच नदी, त्यामुळे ‘एव्हन नदी’ म्हणणे म्हणजे नदीला दोनदा नदी म्हणणे झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ह्यू क्लॉप्टन यांनी बांधवलेल्या दगडी पुलावरून तिथे आजही वाहने जातात, तरी नावातला उतार काही गेलेला नाही.

वडगाववासी : शेपूट गाळू नये. आपल्याकडे वडगाव म्हटले की शेरी, बुद्रुक की मावळ, हे विचारल्याशिवाय रिक्षावालासुद्धा हलत नाही. २०१२च्या ऑलिम्पिकचे मुख्य मैदान पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड येथे होते, हे एक वेळ सोडून देऊ. पण कॅनडातील ओंटारिओ प्रांतातही एक स्ट्रॅटफर्ड आहे, तेही एव्हन नावाच्याच नदीकाठी, आणि तिथे १९५३पासून शेक्सपिअरच्या नाटकांसाठी ख्यातनाम असलेला महोत्सव भरतो. नाटकाच्याच स्मरणिकेत नुसते ‘स्ट्रॅटफर्डचा महोत्सव’ छापले, तर वाचक इंग्लंड समजेल आणि लेखकाला अभिप्रेत असेल कॅनडा.

कोथरूडकर : हा मुद्दा बिनतोड आहे. ‘एव्हनकाठचे’ हे ओंटारिओलाही लागू पडत असल्याने ते वर्णन म्हणून चालेल, नाव म्हणून नाही. पहिल्या उल्लेखात संयोगचिन्हांसह पूर्ण नाव द्यावे, नंतर त्याच लेखात ‘स्ट्रॅटफर्ड’ पुरे. शेवटच्या अवयवावर आघात नसल्याने ‘ऑक्सफर्ड’प्रमाणे ‘फर्ड’च लिहावे, ‘फोर्ड’ मोटारीसाठी राखून ठेवावे. एखाद्या लेखात ‘ऑन-एव्हन’ दिसल्यास मात्र लगेच लाल शाई चालवू नका, कारण गावाचे नाव ‘अपॉन’ असले तरी भोवतालच्या प्रशासकीय जिल्ह्याचे अधिकृत नाव ‘स्ट्रॅटफर्ड-ऑन-एव्हन’ असेच आहे.