बाळाचे नाव पांडुरंग ठेवावे का?

बी-२०३ : सोसायटीच्या गटावरील सर्वांना नमस्कार. आमच्या नातवाचे बारसे येत्या रविवारी आहे. त्याच्या पणजोबांचे पांडुरंग हे नाव पुढे चालवावे, अशी ह्यांची फार इच्छा आहे. सूनबाईंचा विरोध नाही, परंतु शाळेत मुले ‘पांडू’ म्हणून चिडवतील, अशी धास्ती तिला वाटते. जाणत्या मंडळींनी कृपया मत द्यावे.

ए-१०१ : वहिनी, सूनबाईंची धास्ती अगदीच अनाठायी नाही. हवालदाराला पांडू म्हणण्याची खोड १९७५ साली आलेल्या एका विनोदी चित्रपटानंतर अधिकच पक्की झाली आणि चांगल्या नावाची उगीच टवाळी झाली. एरवी पांडोबा, पांडूतात्या किंवा मालवणी मुलखातला पांडगो ही सगळी मायेने मारलेल्या हाकेचीच रूपे होती.

सी-३०४ : वहिनी, शिक्षकी पेशात हयात गेल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो, त्याबद्दल क्षमस्व. संस्कृतात पांडुर म्हणजे फिकट पांढरा, आणि पंढरीची मूर्ती तर काळी. त्यामुळे गाईंच्या खुरांची धूळ अंगावर बसून देव पांढरा दिसला, असे कीर्तनकार सांगतात. काही अभ्यासकांनी मात्र निराळी उपपत्ती मांडली. पंढरपूरचे जुने नाव पंडरगे असे होते आणि त्याचेच संस्कृत वळणाचे रूप म्हणजे पांडुरंग, असे त्यांचे मत होते. मला ते अधिक पटते, कारण गावावरून देवाला नाव मिळणे आपल्याकडे नवे नाही. आपल्या गणपतीपुळ्याच्या उलट म्हणा हवे तर.

हे नाव घाटावरचे आहे, असा समज असेल तर तोही सोडावा. आषाढी येते ती नेमकी भाताच्या लावणीच्या दिवसांत, म्हणून आपल्याकडचे बरेच शेतकरी कार्तिकीला पंढरी गाठतात. आणि ज्यांनी पंढरी पाहिलेली नसते, त्यांच्या घरीही चतुर्थीला विठोबाची आरती होते, तिच्या ध्रुवपदात ‘पांडुरंगा’ हा शब्द पोरे घसा ताणून, झांजा बडवत लांबवतात. शिवाय हा देव सगळ्यांचा असल्यामुळे त्याचे नावही कोणा एका जातीपुरते राहिले नाही.

साने गुरुजींचे नाव पांडुरंग सदाशिव. जन्म १८९९ सालचा, दापोलीजवळच्या पालगडचा. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ साली उपोषण केले. पांडुरंगाच्या दारी पांडुरंगानेच धरणे धरावे, याहून त्या नावाचे सार्थक ते कोणते! धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे आणि १९६३ साली भारतरत्न ठरलेले पांडुरंग वामन काणे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, तर १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे.

ए-१०१ : सर, तर्खडकर राहिले. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग आणि प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे सख्खे भाऊ. दोघेही आडनावापेक्षा वडिलांच्या नावानेच ओळखले गेले.

बी-२०३ : सर, ही माहिती ह्यांना वाचून दाखवली; ते आता ऐकायचेच नाहीत! खरे सांगायचे तर मामंजींचे नाव मी आजवर तोंडाने घेतलेले नाही. नातवाला हाक मारायची कशी, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

डी-४०२ : काकू, त्याची सोय पूर्वीच्या बायकांनीच करून ठेवली आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवले, की सून ते उच्चारत नसे. म्हणून कागदोपत्री पांडुरंग आणि घरात भाऊ, अण्णा नाही तर नुसताच बाळ, अशी जोडनावे घरोघर असत. माझ्या माहेरी तर आत्याने लग्नपत्रिका छापायच्या वेळी भावाचे खरे नाव प्रथम विचारले होते.

बी-२०३ची सून : सर्वांचे मनापासून आभार. पाळण्यात पांडुरंग हेच नाव ठेवू, आणि घरात रंगा म्हणू. म्हणजे सासूबाईंचीही अडचण राहणार नाही आणि पांडूही होणार नाही. जन्मदाखल्यावर मात्र अजून नाव घातलेले नाही. त्याला उशीर झाला, तर काही अडचण येते का?

ए-१०१ : जन्माची नोंद झाली आहे ना? मग नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क पडते. अर्जात बाळाचे नाव लिहिताना ‘पां’वरचा अनुस्वार तेवढा तपासून घ्यावा.